हुकूम आधी लिहून ठेवावा लागतो: दुष्काळ संहितेपासून उष्णता आराखड्यापर्यंत

(व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर नेहमीच्या काही श्रोत्यांनी विचारलं, "इतिहासाच्या मालिकेत हवामान बदल कुठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. हवामान बदल हा शब्द नवा आहे. पण पाऊस दगा देणार, नदी पात्र सोडणार, ऊन माणसं मारणार हे माहीत असताना सरकारनं आधीपासून काय तयारी ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे निदान दीडशे वर्षं जुना आहे. त्यावरचे वाद, चुका आणि प्रयोग यांतला बराच मोठा भाग आपल्याच मुलखात घडलाय.

आज मी एकच मुद्दा मांडणार आहे. राज्य सरकारं, महापालिका, जिल्हा परिषदा हल्ली हवामानाचे आराखडे करतात. जाडजूड असतात, रंगीत नकाशे असतात. तसा आराखडा हातात आला की मी दोन गोष्टी शोधतो. संकटाची खूण दिसल्यावर हुकूम कोणी द्यायचा? आणि त्यानं तो दिला नाही, तर सामान्य माणसानं काय करायचं? या दोन प्रश्नांवर आपला सगळा इतिहास फिरतो. कसा, ते बघू.

एक पौंड धान्य

सुरुवात १८७६ पासून करू. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचं हैदराबाद, सगळीकडे दुष्काळ पसरला. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात फक्त ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली असं मानलं जातं.

आता यातला एक माणूस बघा. सर रिचर्ड टेंपल. हाच अधिकारी १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात होता. तिथं त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हातानं खर्च केला आणि माणसं वाचवली. त्याचं कौतुक व्हायला हवं होतं, पण उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. मग १८७७ च्या सुरुवातीला त्यालाच दख्खनच्या दुष्काळावर पाठवलं, तेव्हा तो धडा शिकून आला होता, उलटा धडा. त्यानं दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा. एक पौंड म्हणजे आजचे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची आणि त्यावर एवढंच. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश यांनी सांगितलं की एवढ्यावर काम करणारा माणूस जगत नाही.

आपल्याकडे मजुरांनी काय केलं? हजारोंनी कामं सोडली. संप केला. उपाशी माणसांनी संप करणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. त्यांच्यामागे पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी. सभेची माणसं गावोगाव फिरून माहिती गोळा करत होती, सरकारला लिहून पाठवत होती.

यातून काय दिसतं? बिहारमध्ये माणसं वाचली आणि दख्खनमध्ये मेली. मधल्या दोन-तीन वर्षांत शास्त्र बदललं नव्हतं, अधिकारीही तोच होता. बदललं होतं ते वरच्यांचं मत. नियम कुठं लिहिलेलाच नव्हता. त्यामुळे किती माणसं जगणार हे त्या वर्षी कलकत्त्याच्या आणि लंडनच्या तिजोरीचा मूड कसा आहे यावर ठरत होतं.

संहिता येते

म्हणून १८७८ साली रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला, आणि १८८३ मध्ये फॅमिन कोडचा, म्हणजे दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. मग प्रत्येक प्रांतानं आपापली संहिता केली.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा हवामानाच्या संकटासाठीचा प्रांतिक कृती आराखडा होता, आणि कारागिरी म्हणून तो उत्तम होता. खुणा कोणत्या? धान्याचे भाव चढणं, लोक गाव सोडून भटकायला लागणं, भिकारी वाढणं. खुणा दिसल्या की आधी चाचणीची कामं काढायची. त्या कामांवर लोक गर्दीनं आले तर समजायचं की दुष्काळ खरा आहे; मग मोठी कामं सुरू करायची. ज्यांच्यानं काम होत नाही त्यांना फुकट मदत. कलेक्टरनं काय करायचं, खालच्यांनी काय करायचं, सगळं लिहिलेलं. आणि मजुरी पैशात बांधलेली नव्हती, धान्याच्या मापात होती. ज्वारी महागली तर पैसे आपोआप वाढणार. महागाई भत्त्याचा हा पणजोबाच म्हणा ना!

म्हणजे मामला मिटला? नाही. कारण हा आराखडा सरकारनं सरकारसाठी लिहिला होता. दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवणार.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा टिळकांनी हे नेमकं हेरलं. त्यांनी 'केसरी'तून लिहिलं की ही संहिता सरकारनंच केलेली आहे, तिच्यात सूट आहे, काम आहे, मदत आहे, ती मागा. संहितेचा मराठी अनुवाद करून त्याच्या प्रती वाटल्या गेल्या. सार्वजनिक सभेची माणसं खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना सांगू लागली की सरकारच्याच पुस्तकात काय लिहिलंय. नवीन कायदा नको होता, बंड नको होतं. फक्त इंग्रजी पुस्तक मराठीत आणलं होतं. तेवढ्यानं सरकार इतकं अस्वस्थ झालं की सभेच्या माणसांवर खटले भरले गेले, आणि १८९७ मध्ये सरकारनं सभेशी पत्रव्यवहारच बंद केला.

माझ्या मते हवामान नियोजनाच्या इतिहासातला हा सगळ्यात शिकवणारा प्रसंग आहे. आराखडा कपाटात असतो तोवर तो सरकारची सोय असतो. लोकांच्या भाषेत, लोकांच्या हातात गेला की तो वचन होतो.

कळ कोणाच्या हातात?

संहितेची खरी परीक्षा १९४३ साली बंगालमध्ये झाली. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली. संहिता होती, तिच्यात सगळं लिहिलेलं होतं. बंगाल सरकारनं संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला की कामं काढावी लागणार, धान्य द्यावं लागणार. म्हणून जाहीर नाही. इतकं उत्तम यंत्र, पण चालू करायची कळ ज्याच्या हातात, त्यानं ती दाबलीच नाही.

आता तीस वर्षं पुढं या, १९७२ मध्ये. तुमच्या घरात कोणी साठी-सत्तरीचं असेल तर त्यांना 'बहात्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणा. पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे १९७३ च्या सुमाराला जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरं गेली, लोकांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत.

यातली महत्त्वाची गोष्ट दुष्काळाच्या आधी सुरू झाली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात, विसापूरच्या बाजूला १९६५ मध्ये एक प्रयोग सुरू केला होता: जो काम मागेल त्याला काम. दुष्काळाच्या तोंडावर ती योजना राज्यभर नेली गेली. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून जो कापला जातो ना, तोच. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की तो मुळात गावातल्या कामासाठी होता? मग १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्यात नवीन काय होतं? कामं तर संहितेतही होती. नवीन होती कळेची जागा. माणसानं काम मागायचं. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता अगदी तुटपुंजा होता, अंमलबजावणीत घोटाळे झाले, मजुरी थकायची, हे सगळं खरं. तरीही दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघायची गरज उरली नव्हती. बंगालमध्ये जी कळ सरकारच्या हातात होती, ती महाराष्ट्रानं मजुराच्या हातात दिली. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

शहराचा उन्हाळा

इथपर्यंत आपण दुष्काळाबद्दल बोललो, कारण आपल्याकडच्या सरकारांना तेवढंच संकट ओळखता येत होतं. आता नवी संकटं आली आहेत, आणि ती शहरातही येतात. तिथं हा धडा कोणी गिरवला का? गिरवला. अहमदाबादनं. ते शहर त्या जुन्या काळी मुंबई इलाख्यातच होतं.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढं अभ्यासकांनी त्या महिन्यातले मृत्यू मागच्या-पुढच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातल्या फारच थोड्यांच्या कागदावर उष्माघात लिहिलेलं होतं. पुरात माणूस वाहून जातो ते दिसतं. उन्हानं म्हातारा माणूस रात्री पत्र्याखाली जातो, ते 'हृदयविकार' होतं.

महापालिकेनं गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला आणि इतरांना सोबत घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्याची रचना बघितली की दुष्काळ संहिताच आठवते. ४१ अंशांपुढं पिवळा इशारा, ४३ च्या पुढं नारिंगी, ४५ ला लाल. एक अधिकारी नेमलेला. इशारा आला की त्यानं कोणाला फोन करायचा, दवाखान्यांनी काय करायचं, पाणपोया आणि ताकाची केंद्रं कुठं, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, हे आधीच ठरलेलं. शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली आणला. यात काय मोठं विज्ञान आहे? पण कुणाला तरी विचारावं लागलं, की बाळं कुठं ठेवलीत? पुढच्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या आराखड्यानं वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले.

मग बऱ्याच शहरांनी हा आराखडा उचलला. आपल्याकडे नागपूर त्यात लवकर होतं. पण इथं एक सावधगिरी आहे. खूण उसनी घेऊन चालत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला मोकळ्या मैदानावरच्या समारंभात उष्माघातानं लोक दगावले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. अहमदाबादचं ऊन कोरडं. कोकणपट्टीचं दमट, घाम वाळतच नाही. तिथं नुसत्या पाऱ्यावर इशारा बांधला तर तो वाजणारच नाही. प्रत्येक ठिकाणाला आपली खूण आपण शोधावी लागते.

कपाटातला अहवाल

आता मुंबई. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३! एकाच शहरात. दक्षिणेकडच्या कचेरीत बसलेल्या माणसाला खिडकीतून बघून कळलंच नसतं की कुर्ल्याला लोक छपरावर आहेत.

यातला आपल्या कामाचा भाग असा. मुंबईच्या गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून, तीही ओहोटी असेल तर, अशी होती. ती दुप्पट करा असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच आलेला होता. बारा वर्षं तो कपाटात होता. सगळा अहवाल अमलात आला असता तरी ९४४ मिलिमीटर पाणी वाहून गेलं नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पाणी लवकर उतरलं असतं. पुरानंतर माधवराव चितळे यांची समिती बसली, २००७ मध्ये केंद्रानं सुमारे बाराशे कोटी रुपये मंजूर केले, उदंचन केंद्रं उभी राहू लागली, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. यातली पर्जन्यमापकांची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण खूणच दिसली नाही तर हुकूम कशावर द्यायचा?

पण हुकूम द्यायचा कोणी? मिठी नदीच्या वरच्या भागाचं काम महापालिकेकडे, खालच्या भागाचं एमएमआरडीएकडे. नदीला हे माहीत नाही! १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं महापालिकांना अधिकार द्यायचं ठरलं, पण शहराच्या जमिनीवर आणि पाण्यावर हक्क सांगणारी खाती वेगवेगळीच राहिली.

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. पूर, उष्णता, हवा, पाणी, सगळं त्यात आहे. २०२४ मध्ये महापालिकेनं हवामानासाठीचा वेगळा अर्थसंकल्पीय अहवालही काढला, म्हणजे आराखड्यासमोर रुपयाचा आकडा आला. हे चांगलंच झालं. पण तारीख बघा. त्याच मार्च २०२२ मध्ये, आराखडा जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी, नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिकेवर प्रशासक आला. पुढची जवळजवळ चार वर्षं शहरात आराखडा होता, अधिकारी होते, पैसा होता. तुमच्या वॉर्डातला नाला का तुंबला, हे सभागृहात उभं राहून विचारणारा निवडलेला माणूस नव्हता. टिळकांच्या काळातला प्रश्न असा फिरून आपल्यापाशी आला.

पाण्याचा ताळेबंद

शेवटचं उदाहरण लहान आहे. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांचं नाव तुम्हाला माहीत आहे. जलसंधारणाची कामं पुष्कळ गावांनी केली. या गावाचं वेगळेपण नंतरच्या शिस्तीत आहे. दर वर्षी गावचा पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी प्यायचं पाणी, मग जनावरं, मग शेती. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीला कोणती पिकं घ्यायची नाहीत, हे सगळ्यांसमोर ठरतं. ऊस नाही म्हणजे नाही.

आता याच्यासमोर २०१६ चा एप्रिल ठेवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. रेल्वेनं उत्तम काम केलं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलखात पिण्याचं पाणी रेल्वेनं येतं, तिथं उसाखाली किती क्षेत्र असावं हा प्रश्न आदल्या ऑक्टोबरात, पाऊस मोजून झाल्यावर, कुणी तरी अधिकृतपणे विचारायला हवा होता. रेल्वे हा संकटातला उपाय. ताळेबंद हे नियोजन.

तर मंडळी, राज्य सरकारनं काय करायचं आणि स्थानिक संस्थेनं काय करायचं, याचं उत्तर या इतिहासात आहे. खूण स्थानिकच ठरवू शकतात, कारण कुलाबा आणि सांताक्रूझ एक नाही, नागपूर आणि खारघर एक नाही. पैसा मात्र राज्यानं बांधून द्यावा लागतो, व्यवसाय करासारखा, संकट नसतानाही जमा होत राहणारा. विसापूरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून दुष्काळ निभावला नसता. आणि कळ, निदान एक तरी, नागरिकाच्या हातात हवी.

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

प्रश्न: "सर, हे सगळं ठीक. पण आम्ही साधी माणसं. आमच्या पालिकेचा आराखडा शोधला तर तो इंग्रजीत, दोनशे पानांचा. आम्ही काय करायचं?"

उत्तर: तुम्ही उत्तर अर्धं दिलंच आहे. १८९६ साली संहितासुद्धा इंग्रजीतच होती! दोनशे पानं वाचू नका. चार-पाच जण मिळून त्यातली तुमच्या वॉर्डाची, तुमच्या तालुक्याची दोन पानं शोधा. त्यांचं मराठी करा. किती पावसाला, किती उन्हाला कोण काय करणार, त्या अधिकाऱ्याचं पद काय, हे एका कागदावर लिहा आणि सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. लिहायला बसल्यावर लक्षात येईल की काही जागा रिकाम्याच राहतात. पदनाम नाही, आकडा नाही, तारीख नाही. त्या रिकाम्या जागा हाच तुमचा पुढच्या ग्रामसभेचा किंवा वॉर्ड ऑफिसातला विषय.

आणि हे पावसाळ्याआधी करा, बरं का. पाणी दारात आल्यावर सगळेच हुकूम देतात, तेव्हा ऐकायला कुणी नसतं.